भरीव

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या हातात लाकडी हातोडा होता. सिमेंटचा ओला माल पसरून झाला होता, त्यावर फुटपाथचा दगड ठेवून झाला होता. आता चार कोपऱ्यांवर ठोकून तो दोरीच्या रेघेला आणायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. "तुम्ही त्यांचे मिस्टर का?" वॉर्डातली सिस्टर बोलत होती. "हो. कशी आहे?" "तुम्ही या." "पण आहे कशी?" "या तुम्ही आधी, मग बोलू." यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? त्यानं फोन खिशात घातला, हातोडा घमेल्यात टाकला आणि उठला. मागून मुकादम ओरडला, "अरे, एवढा एक ठोकून तर जा! माल धरेल!" बापाच्या हाताखाली तो काम शिकला तेव्हा पहिला धडा हाच होता. घर पेटलं तरी चालेल, पण मालावर ठेवलेला दगड ठोकल्याशिवाय उठायचं नाही. ओला आहे तोवर माल ऐकतो, मग देवाचंही ऐकत नाही. तो उठला आणि गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत हातावरचं सिमेंट वाळून पांढरं पडलं होतं. त्याच हातानं त्यानं तिच्या गालाला हात लावला. गालावर कचकच राहिली. कोपरानं पुसायला गेला तर आणखी पसरली. जन्मभर ती अंगावरची दगडाची भुकटी धूत आली होती, आणि शेवटी त्यानं तिला ती परत लावून पाठवलं.

कामावर परतला तेव्हा कठडे निघालेले होते, फुटपाथ खुला झाला होता आणि तो दगड जसा टाकला होता तसाच धरून बसला होता. एक कोपरा किंचित वर, समोरचा खाली. पाय पडला की डुगडुगायचा. मुकादम म्हणाला, "बघू, काढू उद्या." मुकादमाचा उद्या सगळ्या शहराला माहीत होता. काम पुढे सरकलं, तोही पुढे सरकला, पण संध्याकाळी सुटल्यावर त्याचे पाय मागे यायला लागले. दगडाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, बसथांब्याचा बाक होता. तिथे तो बसायचा. कसलीच बस पकडायची नसायची. तो बघायचा. कानाला फोन लावलेला एक जण यायचा, दगड हलायचा, त्याचं बोलणं मध्येच तुटायचं. टाचांच्या चपला घातलेली एखादी बाई यायची, हात हवेत जायचे, पिशवीतली बटाट्याची रास गटाराकडे धावायची. पाणी साचलेलं असलं की खालून घाण पाण्याची पिचकारी थेट पोटरीवर. आणि ठेचकाळलेला प्रत्येक माणूस आधी इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मी पाहिलं, असं तो बाकावरून मनात म्हणायचा. त्याला बरं वाटायचं. हे काही चांगलं नाही हे त्याला कळत होतं. पण त्या दिवसांत बरं वाटेल असं दुसरं काही नव्हतंच. एकदा एक म्हातारा अडखळला, स्वतःलाच शिवी देऊन पुढे गेला, आणि बाकावर बसलेल्या त्याला हसू आलं. मोठ्यानं आलं. शेजारची मुलगी सरकून बसली.

दगड तिच्या गावचा होता. शहरातले सगळे नवे फुटपाथ तिच्याच गावच्या दगडाचे. काळसर, हिरवट झाक असलेला, पावसात न घसरणारा. त्या गावाला दुसरं काही नव्हतंच. जमीन म्हणावी तर खडक, पाणी म्हणावं तर तळाला. आणि शहरात जायला वाट नाही. आजारी माणूस खाटेवर घालून डोंगर उतरवायचा, तोवर निम्मे वाटेतच सुटायचे. रस्ता मागून मागून गाव थकलं. शेवटी गावच्या मुख्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं, दगड आपला, हात आपले, आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. घरटी वाटणी ठरली. प्रत्येक घरानं रोज अमुक पाट्या खडी फोडून द्यायची. ज्या घरात बाप्या खाणीत गुंतलेला त्या घरची वाटणी बायकांनी पुरी करायची, बायको आजारी असेल तर पोरींनी. तिच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली. भाऊ शाळेत जाणारा, त्याला हात लावायचा नाही. धाकटी बहीण फारच धाकटी. मग राहिलं कोण? ती. डोक्याला फडकं गुंडाळून ती घरची वाटणी फोडायची, आणि पुढे धाकटी हाताशी आली तेव्हा धाकटीचीही. "तू बस गं सावलीत, तुझे डोळे नाजूक आहेत," म्हणायची. रस्ता झाला. अख्खं गाव त्यावरून अनवाणी चालत गेलं म्हणे, बायका रडल्या. ही गोष्ट ती शंभरदा सांगायची, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "आम्ही शहराकडे जायला रस्ता केला, आणि त्यावरून पहिलं कोण आलं? तर तुम्ही."

खरंच तो आला होता. ठेकेदाराच्या ट्रकात बसून, दगड पारखायला. तिच्या बापानं घडवलेल्या लाद्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि तो एकेकीवर बोटाची पेरं आपटून कान लावत चालला होता. कुठे भेग असली तर आवाज फुटका येतो. मागून कुणीतरी म्हणालं, "दगडाचं दार वाजवतोय बिचारा! आतून कोण ओ देणार?" वळून पाहिलं तर पापण्यांपर्यंत पांढरी झालेली एक पोरगी, हातात दगड घडवायची टाकी. नुसते दात आणि डोळे दिसत होते. त्याला उत्तर सुचलं नाही. ट्रक भरून निघाला तेव्हा सुचलं, पण तेव्हा गाव मागे पडलं होतं. ते उत्तर द्यायला म्हणून तो पुन्हा गेला, आणि मग जातच राहिला. लग्नानंतर ती शहरात आली खरी, पण चालायची खाली बघत. नव्या फुटपाथवर पाय ठेवायच्या आधी थबकायची. "हा वरच्या थराचा. हा बाबांच्या हातचा वाटतो." मग पायातली चप्पल सरळ करून म्हणायची, "सगळं शहर माझ्या बापाच्या अंगावरून चालतंय, आणि एकालाही ठाऊक नाही." तिथेही ती स्वस्थ बसली नाही. गावाहून अर्धवट घडवलेले कडेचे दगड यायचे, ती खोलीमागच्या बोळात बसून त्यांना शेवटची टाकी लावायची. शहरात दगड तासायची मजुरी जास्त पडते, घरचं माणूस असलं की गावाचं काम स्वस्तात होतं. भाऊच पाठवायचा. एव्हाना त्या शिकलेल्या भावाचा ट्रक झाला होता. बोळात सकाळभर टक टक टक चालायचं, भुकटी उडायची, आणि दुपारी ती खोकायची.

खोकला बरेच दिवस राहिला तेव्हा तो तिला गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं पाठीवर डावा पंजा ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकायला लागला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. तो स्टुलावर बसला होता. त्याचा कान आपोआप टवकारला. हे तर त्याचंच काम होतं! दगड बसवला की असंच ठोकायचं. खाली पोकळी राहिली असेल तर ठम् वाजतं, मग उचला, माल भरा, पुन्हा बसवा. घट्ट बसला असेल तर आवाज बद्द येतो, भरीव, आणि मग गवंडी हात झटकून पुढे सरकतो. तिच्या पाठीचा आवाज बद्द आला. खालच्या बाजूला तर एकदम भरीव. त्याचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाला, "मोठ्या दवाखान्यात दाखवून या, फोटो काढावा लागेल." त्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर तो हसत म्हणाला, "अगं, हे डॉक्टर लोक घाबरवतात. मी ऐकलं ना. कुठे पोकळी नाही, पक्की बसलीयेस." ती म्हणाली, "म्हणजे मी फरशी का?" आणि तीही हसली. त्याचा खेळच झाला मग. रात्री ती पाठ करून झोपली की तो बोटानं ठोकायचा, "भरीव, भरीव, एकदम भरीव." आपल्या बहिणीलाही तिनं फोनवर सांगितलं, "दाजी तुझे रोज मला ठोकून बघतात. म्हणतात, पुढची पन्नास वर्षं हलायची नाहीस." मोठ्या दवाखान्यात ते गेले तेव्हा तिला जिना चढता येत नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही ठोकून पाहिलं, फोटो दिव्याला लावला, आणि तिला बाहेर बसवून त्याला समजावलं. छाती म्हणजे हवेची पेटी. तिचा आवाज पोकळच यायला हवा. भरीव आला की समजायचं, आत हवेला जागा उरली नाही. "हिच्या छातीत दगड साचलाय हो. आधी कुणी तपासलं नव्हतं का?" तो म्हणाला, "तपासलं होतं." कुणी तपासलं ते त्यानं सांगितलं नाही.

आता ती गेल्यावर डॉक्टरीणबाईंचा निरोप दोनदा येऊन गेला होता. त्याच गावची ही तिसरी बाई. तिघींचं काम एकच. नवऱ्यानं येऊन एवढं सांगावं की ती कुठे आणि कसा दगड घडवत होती, म्हणजे त्या वरच्या कचेरीशी बोलतील. खाणीत पाणी मारून काम करायला लावतील, बायकांच्या छात्या तपासतील. तोवर खाण बंद ठेवावी लागली तर लागेल. तो म्हणाला होता, येतो. हे गावापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक. त्याच आठवड्यात मेहुणा ट्रक घेऊन आला, आणि ट्रकात पुढे धाकटी बसलेली. दोघं खोलीत आले. मेहुण्यानं खुर्ची घेतली. धाकटी जमिनीवर, बहीण बसायची त्याच भिंतीला पाठ लावून बसली. मान तीच, कानामागचे भुकटीत माखलेले केसही तेच.

"दाजी, वाळलात," मेहुणा म्हणाला.

"तू भरलास."

"तुमचं आपलं कायमचंच." मेहुणा हसला, मग आता हसायचं नाही हे आठवून थांबला. "ताईचं फार वाईट झालं. पण दाजी, गेलेलं माणूस तर परत येत नाही. आता मागे आहेत त्यांचं बघायला पाहिजे ना? त्या डॉक्टरीणबाईंकडे तुम्ही जाणार आहात म्हणे."

"जाणार आहे."

"कशाला?"

"विचारलंय त्यांनी. सांगायला नको?"

"काय सांगणार? की दगडानं मेली? अहो, दगडानं जगली ती! आमचा बाप दगडावर जगला, हे तुमचं शहर दगडावर उभं आहे. खाण बंद झाली तर रस्त्यानं काय खाली उतरेल, धूळ? वर्षभर बंद राहिली तर शहर दुसरा दगड घेईल. कुणी थांबत नाही हो कुणासाठी. इतक्या वर्षांनी कुठे गाव रस्त्याला लागलंय, ते तुम्ही एका तोंडानं पुन्हा डोंगरावर नेऊन बसवणार?"

"तुझा ट्रक म्हण की."

"म्हणा ट्रक. ट्रकच म्हणा. तुमच्या लग्नात नवरी कशातनं आली होती?"

खरं होतं. ट्रकातनंच आली होती, लाद्यांवर चादर अंथरून. धाकटीनं पदरात तोंड धरून खोकून घेतलं आणि म्हणाली, "दाजी, मी सांगते म्हणून ऐका. आता सगळ्यात जास्त काम मीच करते. ताईच्या वाटणीचे कडेचे दगड पण आता माझ्याकडेच येतात. पोरांचं त्यावर चाललंय. ते बंद झालं तर मी काय करू, सांगा? तुम्ही घेणार का मला घरात?" असं म्हणून ती हसली, मेहुणीनं हसावं तशी, आणि हसता हसता पुन्हा खोकली. "नका सांगू. काही सांगूच नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तो तिच्याकडे बघत राहिला. तू बस गं सावलीत. तुझे डोळे नाजूक. ही सावलीत बसलेली होती आणि ती उन्हात फोडत होती, हिची पाटी, स्वतःची पाटी, शाळेत बसलेल्या या ढोल्याची पाटी. आणि आता दोघं मिळून तिच्याच खोलीत, तिच्याच भिंतीला टेकून, गप्प बसा म्हणून सांगायला आले होते. गेल्या गेल्या तिचं काम वाटून घेतलं होतं, भांडी वाटून घ्यावीत तसं. त्याला वाटलं, उठावं आणि दोघांना जिन्यावरून खाली लोटावं. पण तो उठला नाही. ओला माल अंगात धरत जावा तसं त्याच्या आत काहीतरी धरत चाललं होतं.

"बरं," तो म्हणाला. "नाही सांगत."

मेहुण्यानं हुश्श केलं, गुडघ्यांवर हात आपटले आणि ट्रक चुकीच्या जागी लावलाय, बघून येतो, म्हणून खाली गेला. खोलीत दोघंच राहिली. धाकटी म्हणाली, "ताई सांगायची, तुम्ही तिची पाठ ठोकून बघायचा." तो म्हणाला, "हं." "माझी पण बघा ना. हा खोकला काही सुटत नाही मेला. डॉक्टरकडे जावं म्हटलं तर वेळ कुठे आहे, आणि गेलं की तो खाणीचं विचारणार." ती उठून त्याच्यासमोर पाठ करून बसली. सहज, जसं लहान मूल वेणी घालून घ्यायला बसतं. "ठोका. बिनधास्त ठोका, मी काही काचेची नाही."

त्यानं डावा पंजा तिच्या पाठीवर ठेवला, गल्लीतल्या डॉक्टरनं ठेवला होता तसा. उजव्या हाताचं बोट उचललं. वर ठोकलं. ठम्. पोकळ, चांगला आवाज, हवेची पेटी. त्याला जरा वेळ लागला, पोकळ म्हणजे चांगला हे कानाला समजवायला. कान अजून जुन्या सवयीनं वाकडं तोंड करत होता. तो खाली सरकला. ठम्. आणखी खाली, उजवीकडे. बद्द. त्यानं पुन्हा ठोकलं. बद्द. डावीकडे, बरगड्यांच्या शेवटाला. बद्द, भरीव, पक्का, रोज रात्री अंधारात ऐकलेला आवाज, जसाच्या तसा. क्षणभर त्याला वाटलं बायकोच बसलीय, आता म्हणेल, म्हणजे मी फरशी का. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्याच्या खाली, अगदी स्पष्ट, ते बाकावरचं बरं वाटणं आलं. आता तुझी पाळी. सावलीतून ऊठ. वेळ अजून होती. वरचा अर्धा भाग नीट वाजत होता. माल ओला होता. आत्ता उचलला तर दगड अजून हातात होता. हे त्याच्याइतकं स्पष्ट त्या खोलीत, त्या गावात, कुणालाच माहीत नव्हतं.

"काय म्हणतोय आवाज?" धाकटीनं मान वळवून विचारलं.

"भरीव आहे," तो म्हणाला.

"म्हणजे पक्की ना?"

नका सांगू. काही सांगूच नका. तिनंच म्हटलं होतं, मघाशी.

"पक्की," तो म्हणाला.

"मग झालं तर!" ती उठली, पदर खोचला. "ताईपण हेच सांगायची. म्हणायची, आमच्या यांच्या कानाला फसवणारा दगड अजून जन्माला यायचाय." त्यानं तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर टोमणा नव्हता. ताई त्याच आवाजानं गेली हे हिला ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. गावाला फक्त एवढंच माहीत होतं की ताईला उशिरा नेलं.

मेहुणा ट्रक हलवून परत आला, तेव्हा तो दोघांना ट्रकापर्यंत पोचवायला गेला. ट्रक त्या फुटपाथच्या टोकाला उभा होता. मेहुणा पुढे, मागे धाकटी, तिच्या मागे तो. दगड कुठे आहे हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. मेहुण्याचा पाय मधोमध पडला, दगड डुगडुगला, आणि मेहुणा दोन्ही हात पसरून ट्रकाच्या चाकावर जाऊन आदळला. "अरे, कोणत्या आंधळ्यानं बसवलाय हा? आपल्या दगडाचं नाव घालवतात साले!" धाकटी खळखळून हसली. हसताना छातीवर हात दाबून धरला, खोकली, पुन्हा हसली. मग खाली वाकून तिनं दगडाच्या कडेवर बोट फिरवलं. "वरच्या थराचा आहे," ती म्हणाली. "काढून नीट बसवायला सांगा कुणाला तरी, दाजी. बिचाऱ्याचा काही दोष नाही."

"सांगतो," तो म्हणाला.

ट्रक गेला. रिकामा ट्रक, मागचं फळकट वाजत होतं. तिथून सरळ रस्ता, शहराच्या शेवटापर्यंत, आणि पुढे डोंगराचा, खडी फोडून केलेला. तो बाकावर जाऊन बसला. दिवे लागले. कामावरून सुटलेली माणसं यायला लागली, एकेक पाय दगडावर पडायला लागला. पण त्या संध्याकाळी तो त्यांच्याकडे बघत नव्हता. मांडीवर पंजा ठेवून तो बोटानं त्यावर ठोकत होता आणि ऐकत होता. स्वतःच्या मांडीचा आवाज जसा यायचा तसाच येत होता, मांसाचा. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काही दुखतंय का?" तो म्हणाला, "नाही."

या गोष्टीला बरेच दिवस झाले. डॉक्टरीणबाईंचा तिसरा निरोपही येऊन गेला. खाण चालू आहे, दर आठवड्याला दगड येतो, आणि कडेच्या दगडांवर जी बारीक, एका बाजूला कललेली टाकी असते ती कुणाच्या हातची हे त्याला बघताक्षणी कळतं. अलीकडे ती टाकी उथळ पडायला लागली आहे. दोनदा त्यानं मेहुण्याचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. एकदा तर थैलीत कपडे भरून रस्त्याच्या शेवटापर्यंत जाऊन परत आला. फुटपाथवरचा तो दगड अजून डुगडुगतो, तो उचलून खाली माल भरायचा राहिला आहे. डॉक्टरीणबाईंकडे जायचं राहिलं आहे. आणि पाठीचा आवाज पोकळ यायला हवा होता, हे धाकटीला सांगायचं राहिलं आहे.